विश्लेषण : पणजोबा पहिल्या महायुद्धात नेमके कसे गेले? खंदकातल्या मृत्यूचा माग कसा काढायचा?

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, रायगड या पट्ट्यातील अनेक घरांत एक अर्धवट गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ‘आमचे पणजोबा पलटणीत होते, बसऱ्याकडे गेले, खंदकात गोळी लागली, परत आलेच नाहीत.’ तारीख ठाऊक नसते, जागा ठाऊक नसते. कुठे एखादे काळवंडलेले पदक असते, कुठे तेही मोडीत गेलेले असते. आता जुने दप्तर संगणकावर येऊ लागल्याने नातवंडे-पतवंडे हा शोध घेऊ लागली आहेत. मात्र भारतीय शिपायाच्या मृत्यूची कहाणी त्याच्या नावाने लिहिलेली सहसा सापडत नाही. ती पलटण आणि तारीख या दोन खुणांवरून जुळवावी लागते. हा शोध कसा घ्यायचा, कुठे थांबायचे आणि कोणत्या गैरसमजांपासून सावध राहायचे, याविषयी...

शोधाची सुरुवात घरातून का करायची?

बहुतेक जण थेट संकेतस्थळावर नाव टाइप करतात आणि निराश होतात. ‘रामा सावंत’ किंवा ‘बाबू जाधव’ अशा नावाचे अनेक शिपाई वेगवेगळ्या पलटणींत होते. नावावरून माणूस ओळखता येत नाही. त्यासाठी पलटण आणि शिपाई क्रमांक लागतो. तो मिळण्याची सर्वाधिक शक्यता घरातच असते.

घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे चांदीचे आणि ‘व्हिक्टरी मेडल’ हे ब्राँझचे. या दोन्हींच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण रोमन अक्षरांत ठोकलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हीच माहिती मागच्या बाजूला असते. खेचर हाकणारे, पाणी भरणारे, मजुरीला गेलेले अशा बिगरलढाऊ माणसांना वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचे मिळे. म्हणजे पदकाच्या धातूवरूनही माणसाचे काम कळू शकते.

येथे एक मोठा गैरसमज आढळतो. पदक मिळाले म्हणजे माणूस युद्धात मरण पावला, असे नाही. ही पदके जिवंत परतलेल्यांनाही मिळाली. मृतांच्या घरी पाठवली जाई ती वेगळी वस्तू, ब्राँझची मोठी गोल तबकडी. तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. तिच्यावर ब्रिटानियाची उभी आकृती, सिंह आणि एका चौकटीत मृताचे नाव असते. अशी तबकडी घरात असेल, तर मृत्यू सरकारदरबारी युद्धमृत्यू म्हणून नोंदला गेला होता हे नक्की. मात्र तिच्यावर हुद्दा, क्रमांक वा पलटण नसते. मरणात सगळे समान, या भूमिकेतून ती फक्त नावाने काढली गेली. त्यामुळे तबकडी मृत्यूची खात्री देते आणि पदक ओळख पटवते. दोन्ही असतील तर अर्धे काम झाले.

पदक नसेल तर गावात काय पाहावे?

महाराष्ट्रातील अनेक गावांत देवळाच्या भिंतीत, चावडीत किंवा शाळेत एक छोटी शिळा बसवलेली आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती मरण पावली, हे तिच्यावर कोरलेले असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाची ओळखच अशा शिपायांवरून झाली. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले. या शिळांवर सहसा आकडे असतात, नावे नसतात. तरीही आकडा उपयोगी पडतो. शिळेवर मृत तीन असतील आणि शोधात तीन नावे सापडली, तर ताळा जमतो.

दुसरी जागा महसुली दप्तर. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘कोतवाल बुका’त असतात. परदेशात मेलेल्या माणसाचा मृत्यू तेथे सापडेलच असे नाही. पण त्याच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी मिळाल्या, तर तो शेवटचा घरी कधी होता याचा अंदाज येतो. जमीन नावावर असेल तर फेरफार पाहावेत. वारसाची नोंद कोणत्या साली पडली आणि विधवेचे नाव कधी लागले, यावरून मृत्यूचा काळ दोन-चार वर्षांच्या पट्ट्यात आणता येतो. यातील बरेचसे कागद मोडीत आहेत. त्यामुळे मोडी वाचणाऱ्याची मदत घ्यावी लागते.

जिल्ह्यांची नावेही तेव्हाचीच धरावी लागतात. रायगडचा उल्लेख ‘कुलाबा’ असा येतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. त्याआधीची तिथली गावे रत्नागिरी जिल्ह्यात किंवा सावंतवाडी संस्थानात सापडतात. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव ही ठिकाणे तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. सांगलीच्या नावाने शोधणारा येथेच चुकतो.

मृतांची यादी कुठे मिळते?

पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १३ लाख माणसे परदेशी रणांगणांवर गेली. त्यांपैकी ७४ हजारांहून अधिक मरण पावली. या मृतांच्या नोंदी ठेवण्याचे काम १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाकडे आहे. आज तो ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ या नावाने ओळखला जातो. त्याची सूची संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख यांपैकी कशावरूनही शोध घेता येतो. भारतीय शिपायांच्या अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. ओळख पटवण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही.

अडचण असते ती स्पेलिंगची. गावाचे आणि माणसाचे नाव कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. जाधवचे ‘जाडो’, शिंदेचे ‘सिंदे’, पवारचे ‘पोवार’ झालेले दिसते. सखारामसारखे एक नाव तोडून दोन केलेले असते. त्यामुळे पूर्ण नावाऐवजी पलटण निवडावी, तारखेचा पट्टा ठरवावा आणि यादी डोळ्यांखालून घालावी. वेळ जातो, पण खात्रीचा मार्ग हाच. क्रमांकाबाबतही एक खबरदारी घ्यायला हवी. तेव्हा क्रमांक त्या-त्या पलटणीचा असे. एकच क्रमांक दोन पलटणींत दोन वेगळ्या शिपायांचा असू शकतो.

‘इंडिया गेटवर नाव नाही, म्हणजे नोंदच नाही’ असेही अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. इंडिया गेटवर सुमारे १३ हजार नावे आहेत आणि ती प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर व तिसऱ्या अफगाण युद्धात मरण पावलेल्यांची आहेत. फ्रान्स-बेल्जियममध्ये गेलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे फ्रान्समधील नव शापेल येथील स्मारकावर आहेत. हे स्मारक १९२७ मध्ये उभे राहिले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्यांची नोंद बहुतांशी बसरा स्मारकाखाली येते. पुण्याजवळच्या खडकी येथील १९१४-१८ च्या स्मारकावर मुख्यत्वे भारतात मरण पावलेल्या, पण ज्यांच्या विखुरलेल्या कबरी राखणे शक्य नव्हते, अशांची नावे आहेत. बसऱ्याकडे गेलेला पणजोबा तेथे शोधून उपयोग नाही.

मराठी शिपाई कोणत्या खंदकांत होते?

खंदक म्हटले की फ्रान्सचा चिखल डोळ्यांसमोर येतो. मराठी माणसे तेथेही होती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीबरोबर नव शापेल गावावर हल्ला केला आणि मोठी हानी सोसली. मात्र मराठा पलटणींचे मुख्य रणांगण होते मेसोपोटेमिया. तेथे भारतातून सुमारे ५ लाख ८८ हजार माणसे गेली. त्यांतील निम्मी बिगरलढाऊ होती.

जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या, म्हणजेच ‘पूना’ डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. तिग्रिस नदीच्या कडेने ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने सरकली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी तिने टेसिफोन येथे तुर्कांच्या खंदकांवर हल्ला केला. या लढाईत डिव्हिजनचे सुमारे ४,६०० जण ठार वा जखमी झाले. उरलेले सैन्य मागे हटत कूत अल-अमारा गावात आले. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी त्याला वेढा घातला. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेचे शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नैयात या लढायांत मिळून सुमारे २३ हजार जण ठार वा जखमी झाले.

केवळ तारखेवरून मृत्यूचे कारण कसे कळते?

याचे उदाहरण घेऊ. समजा पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि त्यांचे नाव बसरा स्मारकाच्या नोंदीत सापडले. आता तारीख पाहावी.

तारीख २२ नोव्हेंबर १९१५ असेल, तर टेसिफोनचा हल्ला. मोकळ्या सपाट मैदानावरून खंदकांकडे चालून जाताना किंवा खंदकातल्या हातघाईत मृत्यू झाला असण्याचीच शक्यता अधिक. ‘खंदकात गेले’ ही घरची गोष्ट येथे जवळपास शब्दशः खरी ठरते.

तारीख त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतील असेल, तर जखमांमुळे मृत्यू ही शक्यता धरावी लागते. टेसिफोनच्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणले गेले आणि तेथून खचाखच भरलेल्या बोटींतून बसऱ्याला. हा प्रवास काहींच्या बाबतीत जवळपास दोन आठवडे चालला. औषधोपचाराच्या या दैनेवर ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला. १९१७ मध्ये त्याचा अहवाल आल्यावर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. म्हणजे ज्याला गोळी लागली तो गोळीनेच मेला असे नाही. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचलाही असता.

तारीख मार्च-एप्रिल १९१६ ची असेल, तर कूतचा वेढा. तेथे तोफगोळे होते, नदीच्या पुराचे पाणी खंदकांत शिरत होते आणि उपासमार होती. घोड्याचे मांस खाण्यास बहुसंख्य भारतीय शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला. पिठाचा रोजचा वाटा काही औंसांवर आला. एप्रिलमध्ये विमानांतून धान्य टाकण्यात आले, पण ते पुरे पडण्यासारखे नव्हते. भाजीपाल्याअभावी भारतीय शिपायांत स्कर्व्ही पसरला. या काळातल्या मृत्यूला ‘गोळी लागली’ असे ठामपणे म्हणता येत नाही.

आणि तारीख ऑगस्ट १९१६ ची असेल, तर? तेव्हा कूतमधील पलटण तुर्कांच्या कैदेत होती. कैद्यांना बगदाद, मोसूल मार्गे वाळवंटातून चालवत नेण्यात आले. भारतीय शिपायांना रास अल-ऐनच्या परिसरात रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपण्यात आले. हजारो जण आजारपण, उपासमार आणि उन्हाने दगावले. घरात ‘खंदकात गेले’ म्हणून सांगितलेला माणूस कदाचित रुळांचे खडी-माती काम करताना मेला असेल.

हा अंदाज बांधताना दोन खबरदाऱ्या घ्यायला हव्यात. एक म्हणजे, याच पलटणींसाठी भारतातून निघालेली नवी कुमक वेढ्याबाहेर राहिली होती आणि पुढे या पलटणी नव्याने उभ्या करण्यात आल्या. त्यामुळे पलटणीचा क्रमांक एकच असला तरी माणूस कूतच्या आत होता की बाहेर, हे वेगळे तपासावे लागते. दुसरे, बेपत्ता शिपायाला पुढे एखाद्या तारखेपासून मृत मानले जाई. नोंदीतील तारीख ही कधीकधी कारकुनाने ठरवलेली तारीख असते.

पलटणीच्या रोजनिशीत काय सापडते?

रणांगणावरील प्रत्येक पलटण रोजनिशी ठेवत असे. या रोजनिशा लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच संगणकावर उपलब्ध झाल्या आहेत. मृत्यूच्या तारखेचे पान उघडले की त्या दिवशी पलटण कुठे होती, पाऊस होता की ऊन, हल्ला झाला की केवळ तोफांचा मारा, हे कळते. पण पणजोबांचे नाव तेथे मिळण्याची आशा ठेवू नये. अधिकारी नावाने येतात, शिपाई आकड्याने. ‘चार जण ठार, अकरा जखमी’ अशा धर्तीची ओळ असते. त्या चारांपैकी एक आपला, हे यादी आणि रोजनिशी शेजारी ठेवून आपणच जुळवायचे. त्या दिवशी रोजनिशीत एकही ठार नसेल आणि यादीत मात्र आपल्या शिपायाचा मृत्यू असेल, तर इस्पितळातील किंवा कैदेतील मृत्यूचा विचार करावा.

कैदेची शंका असेल तर जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या युद्धकैद्यांच्या नोंदी पाहता येतात. त्याही संकेतस्थळावर खुल्या आहेत. फ्रान्समधील भारतीय शिपायांच्या पत्रांतील उतारे लष्करी सेन्सॉरने भाषांतरित करून ठेवले. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्याच माणसाचे पत्र सापडणे दुर्मीळ. पण खंदकातला शिपाई घरी काय लिहीत होता, हे त्यातून कळते. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आणि ‘युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन’, तर बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ही विचारणा करण्याची ठिकाणे आहेत. विचारणा करताना जुना क्रमांक सांगावा आणि नवाही. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी बटालियन झाली. ११४ वी प्रशिक्षण बटालियन झाली.

ब्रिटिश शिपायांच्या व्यक्तिगत कागदपत्रांचा मोठा भाग १९४० मधील लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाला. ‘आमच्या पणजोबांचे कागद त्यात गेले’ असे सांगितले जाते, पण सामान्य भारतीय शिपायाची सेवापुस्तिका तेथे ठेवली जातच नव्हती. त्यामुळे या कारणाने शोध सोडून देण्याची गरज नाही.

नावे कोरलीच का गेली नाहीत?

या शोधात पुढे जाणाऱ्याला एक कटू गोष्ट कळते. बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची आठवण जपलेली आहे. त्यात ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य भारतीय शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली संख्येने दाखवले गेले. त्यांची नावे कागदावरील नोंदीत राहिली. अमारा येथील भारतीयांच्या दफनभूमीत सुमारे पाच हजार जण आहेत. त्यांतील अवघ्या नऊ जणांची ओळख नोंदलेली आहे, कारण त्या वेळी लष्कराने पुरेशी नोंदवहीच ठेवली नाही.

२०२१ मध्ये आयोगाच्याच विशेष समितीने हा भेदभाव मान्य केला. भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे स्मरण नावाने किंवा अजिबातच झाले नाही, असे समितीच्या अहवालात म्हटले आहे. आयोगाने माफी मागितली आणि राहून गेलेली नावे शोधण्याचे काम हाती घेतले. बसरा स्मारक स्वतःही १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर नेले गेले. तेथे जाऊन भिंतीवर बोट ठेवून नाव वाचणे बहुतेक कुटुंबांना शक्य होणार नाही, आणि गेले तरी ते नाव तेथे असेलच असे नाही.

म्हणूनच घरच्या कागदांचे मोल वाढते. नावाचे स्पेलिंग चुकले आहे, गाव चुकले आहे किंवा नोंदच नाही, असे आढळले तर कुटुंबाला पुराव्यासह आयोगाकडे अर्ज करता येतो. पदकाच्या कडेचे छायाचित्र, तबकडी, निवृत्तिवेतनाचा कागद, फेरफाराची नक्कल हे सारे पुराव्यात धरता येते.

शेवटी हाती काय लागते?

अनेकदा पूर्ण उत्तर मिळत नाही. गोळी कुठे लागली, शेवटचे शब्द काय होते, दहन झाले की दफन, हे बहुतेक शिपायांबाबत कोणीच लिहून ठेवलेले नाही. म्हणून वंशावळीत लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. कागदावर सिद्ध झाले ते, पलटण आणि तारखेवरून संभवते ते, आणि घरात सांगितले जाते ते. तिसरी गोष्ट पहिलीशी जुळली नाही म्हणून पुसून टाकू नये. शिपाई रुळावर मेला आणि घरी ‘खंदकात गेला’ असा निरोप आला असेल, तर तोही त्या घराच्या इतिहासाचा भाग आहे. त्या निरोपावरच त्याच्या बायकोने पुढचे आयुष्य काढले.

शोध सुरू करायचा असेल तर संगणकाआधी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. पलटणीचा आकडा, गावाचे जुने नाव, पेन्शन कुठल्या कचेरीत मिळायची, मनीऑर्डर कुणाच्या नावे यायची, अशी एखादी आठवण यादीतील शंभर नावांतून नेमके एक वेगळे काढते. क्यू आणि जिनिव्हाचे कागद आणखी काही वर्षे तसेच राहतील. या आठवणींना मात्र तितका अवधी नाही.